लहान होत गेलेला छेद : जे. जे. रुग्णालयातून सुरू झालेली दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची वाटचाल

गोडदेव, नवघर, खारी ही भाईंदर पूर्वेची जुनी गावे. भातशेती, मिठागरे आणि खाडी यांच्या आधाराने जगलेली ही वस्ती गेल्या चार-पाच दशकांत पार बदलली. १९८५ साली मिरा-भाईंदर नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे गेली. शहर वाढले, पण पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा प्रश्न आला की इथल्या साध्या कुटुंबाची वाट अजूनही बहुधा लोकलने मुंबईकडेच वळते. दादरला गाडी बदलायची, भायखळ्याला किंवा सँडहर्स्ट रोडला उतरायचे, केसपेपर काढायचा आणि ओपीडीच्या रांगेत उभे राहायचे. ही वाट ज्या दाराशी थांबते, ते सर ज. जी. रुग्णालय सर्वांच्या तोंडी 'जे. जे.' म्हणूनच आहे.

आज 'दुर्बिणीची शस्त्रक्रिया' हा शब्द घरोघरी माहीत आहे. पित्ताशयातील खडे, अपेंडिक्स आणि हर्निया यांच्या शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होतात. मोठ्या आतड्याचा रोगट भाग काढण्याची अवघड शस्त्रक्रियाही निवडक रुग्णांत बेंबीजवळच्या एकाच लहान छेदातून करता येते. भारतात या प्रवासाची पहिली महत्त्वाची पावले जे. जे.च्या जनरल वॉर्डात पडली. सरकारी रुग्णालयातील गरीब रुग्णाच्या खाटेपासून सुरू झालेल्या या वाटचालीचा हा आढावा.

पायाभरणी

सर रॉबर्ट ग्रँट १८३५ ते १८३८ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. एतद्देशीय तरुणांना पाश्चात्त्य वैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण मिळावे, असा त्यांचा आग्रह होता. १८२६ मध्ये मुंबईत सुरू झालेली वैद्यकीय शाळा काही वर्षांतच बंद पडली होती. तो अनुभव ताजा असतानाही ग्रँट यांनी नव्या महाविद्यालयाची कल्पना सोडली नाही. जुलै १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडीला त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ वैद्यकीय महाविद्यालय उभारावे असे मुंबईच्या नागरिकांनी ठरवले. सर जमशेदजी जीजीभाई यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले. सरकारनेही तेवढाच वाटा उचलावा, अशी त्यांची अपेक्षा होती. ३ जानेवारी १८४३ रोजी पायाभरणी झाली आणि १८४५ मध्ये रुग्णालय व ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय दोन्ही सुरू झाले. डॉ. चार्ल्स मोरहेड पहिले प्राचार्य झाले.

१८५१ मध्ये पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली. त्या मोजक्या विद्यार्थ्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत अग्रभागी राहिलेले डॉ. आत्माराम पांडुरंगही त्यांत होते. वैद्यकाबरोबर समाजाचीही काळजी वाहायची, ही परंपरा इथे पहिल्या तुकडीपासूनच रुजली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले. तेव्हा डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी याच महाविद्यालयातील प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. नवे तंत्र आधी नीट पारखायचे आणि मग सामान्य माणसाच्या दारी न्यायचे, ही जे. जे.ची रीत त्या दिवसांतच ठळक झाली. पुढच्या शतकातही ती टिकली.

मोठ्या छेदांचा काळ

विसाव्या शतकाचा बराच काळ पोटाची शस्त्रक्रिया म्हणजे लांब छेद असेच समीकरण होते. आत काय आहे ते स्पष्ट दिसले पाहिजे, हात नीट पोचला पाहिजे आणि रक्तस्राव झाला तर तो तत्काळ आवरता आला पाहिजे. म्हणून बेंबीच्या वरपासून खालपर्यंत वीतभर छेद घेण्याचा धडा विद्यार्थ्यांना दिला जाई. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेत याला पर्याय नव्हता. रोगाइतकाच रुग्णाला या छेदाचाही त्रास होई. खोकला आला की टाक्यांवर ताण येई, दीर्घ श्वास घेता येत नसे आणि छातीत कफ साठे. जखम चिघळली तर मुक्काम लांबे. काहींना पुढे त्याच जागी हर्निया होई. हातावर पोट असलेल्या माणसाला हा लांबलेला काळ परवडणारा नव्हता.

पोटात दुर्बीण घालून पाहण्याची कल्पना युरोपात जुनी होती. १९०१ मध्ये जर्मनीतील गेऑर्ग केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात हवा भरून आत पाहण्याचा प्रयोग केला. १९१० मध्ये स्वीडनचे हान्स क्रिस्तियन याकोबेअस यांनी हे तंत्र माणसांत वापरले. पण प्रकाश मंद होता आणि चित्र अंधुक दिसत होते. पुढे इंग्लंडचे हॅरल्ड हॉपकिन्स यांनी काचदांड्यांची नवी भिंगरचना शोधली. तिला काचतंतूंमधून येणाऱ्या थंड प्रकाशाची जोड मिळाली, तेव्हा कुठे पोटातील दृश्य लख्ख दिसू लागले.

१९७२ : जनरल वॉर्डातील दुर्बीण

१९७२ मध्ये जे. जे.तील मानद शल्यचिकित्सक डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी शल्यचिकित्सेच्या वॉर्डातील रुग्णांसाठी लॅपरोस्कोपीचा, म्हणजे पोटात दुर्बीण घालून पाहण्याच्या तंत्राचा, वापर सुरू केला. मुंबईतच जन्मलेले आणि परळच्या सेठ गो. सु. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले उदवाडिया वॉर्डातील गर्दी रोज पाहत होते. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन अजून रुग्णालयांत आलेले नव्हते. पोटात पाणी झालेले, गाठ लागणारे, अनेक महिने ताप असलेले रुग्ण निदानाच्या प्रतीक्षेत आठवडेच्या आठवडे खाटा अडवून पडून राहत. हा आतड्याचा क्षय आहे, यकृताचा आजार आहे की कर्करोग, एवढे ठरवण्यासाठीही कधी कधी पोट उघडावे लागे.

दुर्बिणीने ही कोंडी फोडली. लहानशा छिद्रातून आत पाहायचे आणि संशयित जागेचा तुकडा तपासणीला घ्यायचा. मग उपचाराची दिशा ठरे. ज्यांचे पोट उघडून काही साधणार नव्हते, त्यांची मोठी शस्त्रक्रिया टळली. क्षयाचे निदान झालेल्यांना वेळेत औषधे सुरू झाली आणि खाटा लवकर रिकाम्या होऊ लागल्या. अपुऱ्या साधनांच्या रुग्णालयात हे तंत्र म्हणजे चैन नसून ती काटकसर आहे, ही उदवाडियांची धारणा याच अनुभवातून पक्की झाली.

तरीही स्वागत मात्र थंडच झाले. हाताला जे कळते ते डोळ्याला कसे कळणार, अशी शंका अनेक शल्यचिकित्सकांना होती. दुर्बिणीच्या तोंडाशी एक डोळा लावून वाकून पाहावे लागे. सहाय्यकाला आतले काहीच दिसत नसे, त्यामुळे शिकवणेही कठीण होते. याच दशकापासून स्त्रीरोगतज्ज्ञांनी दुर्बिणीतून कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. पुढे गावोगावच्या शिबिरांतून हा शब्द ग्रामीण महाराष्ट्रात पोचला. सर्वसाधारण शल्यचिकित्सेत मात्र दुर्बीण दीर्घकाळ निदानापुरतीच राहिली. अठरा वर्षे हे काम चिकाटीने चालू राहिले, म्हणूनच पुढची उडी शक्य झाली.

कसोटीचा काळ

१९८० चे दशक जे. जे.साठी कठीण होते. १९८६ च्या प्रारंभी दूषित ग्लिसरीनमुळे रुग्णालयातील १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदीपासून प्रशासनापर्यंतच्या त्रुटींवर कठोर बोट ठेवले. लोकांचा विश्वास हलला. तो परत मिळवणे जाहीर खुलाशांनी साधणारे नव्हते, वॉर्डात दररोज केलेल्या कामानेच ते होणार होते. परिचारिका, निवासी डॉक्टर, वॉर्डातले मामा आणि मावश्या, तंत्रज्ञ आणि शिक्षक या सर्वांनी त्या वर्षांत रुग्णालयाचा गाडा थांबू दिला नाही.

याच दशकात जगात मोठे बदल झाले. १९८० मध्ये जर्मनीतील कील येथे स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले, त्याबद्दल त्यांना स्वकीयांचीच टीका सोसावी लागली. १९८५ मध्ये एरिश म्यूहे यांनी पित्ताशय काढले, तेव्हाही कौतुकाआधी विरोधच झाला. १९८७ मध्ये फ्रान्समधील लियों येथे फिलिप मुरे यांनी ही शस्त्रक्रिया केल्यावर तिचा झपाट्याने प्रसार झाला. दुर्बिणीला छोटा कॅमेरा जोडून दृश्य पडद्यावर आणता येऊ लागले होते. पूर्वी एकालाच दिसणारे दृश्य आता शल्यचिकित्सक, सहाय्यक, भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि विद्यार्थी एकाच वेळी पाहू शकत होते.

१९९० : पहिले पित्ताशय

१९९० मध्ये डॉ. उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे. जे.मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया यशस्वी केली. विकसनशील देशांतीलही ती पहिलीच मानली जाते. ती झाली ती सरकारी रुग्णालयात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा भारतातला आरंभ खाजगी रुग्णालयाच्या बंद दाराआड झाला नाही, ही गोष्ट मुंबईकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. काही महिन्यांतच पुण्यात डॉ. ज्योत्स्ना कुलकर्णी यांनी ही शस्त्रक्रिया केली आणि महाराष्ट्रात तिचा दुसरा पाय रोवला गेला.

पुढची वाट सोपी नव्हती. बहुतेक उपकरणे परदेशी आणि महाग होती. दिवा गेला, वायूचा दाब बिघडला किंवा चिमटा अडकला, तर शेजारी दुसरा संच नसे. एकदा वापरून टाकायची म्हणून बनवलेली साधने जंतुविरहित करून पुन्हा वापरण्याच्या पद्धती बसवाव्या लागल्या. शल्यचिकित्सकांना हाताची सवयच बदलावी लागली. पडद्यावरील सपाट चित्रावरून खोलीचा अंदाज बांधायचा आणि लांब दांड्याच्या टोकावर नाजूक काम करायचे होते. शिवाय ही श्रीमंतांची हौस आहे, गरीब देशाला ती कशाला, असा आक्षेप सतत घेतला जाई.

उदवाडियांनी या आक्षेपाला वारंवार उत्तर दिले. पगारी रजा असलेल्यापेक्षा रोजंदारीवरच्या माणसाला लवकर उठून कामाला लागण्याची गरज जास्त असते, म्हणून लहान छेदावर पहिला हक्क गरिबाचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. 'विकसनशील देशांतील लॅपरोस्कोपिक शस्त्रक्रिया' या विषयावर त्यांनी १९९७ मध्ये स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

सुरुवातीच्या वर्षांत दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण जगभर वाढले होते. उत्साह मोठा होता, प्रशिक्षण मात्र तोकडे पडत होते. या जाणिवेतून १९९३ मध्ये इंडियन असोसिएशन ऑफ गॅस्ट्रोइंटेस्टायनल एन्डोसर्जन्स ही संघटना स्थापन झाली. उदवाडिया तिचे संस्थापक अध्यक्ष होते. प्रशिक्षण वर्ग, प्रात्यक्षिके आणि पुढे फेलोशिपची परीक्षा या मार्गाने संघटनेने लहान शहरांतील शल्यचिकित्सकांपर्यंत हे शिक्षण नेले. २००५ पासून तिचे 'जर्नल ऑफ मिनिमल ॲक्सेस सर्जरी' हे नियतकालिक निघू लागले. कोल्हापूर, नाशिक, औरंगाबाद, नागपूर अशा शहरांतील रुग्णांना दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबई गाठण्याची गरज हळूहळू उरली नाही. ही फळे या शिस्तबद्ध प्रसाराची आहेत.

मोठ्या आतड्याचे आव्हान

पित्ताशय हा एका जागी असलेला छोटा अवयव. मोठे आतडे मात्र सुमारे दीड मीटर लांब असते आणि पोटाच्या चारही भागांतून फिरते. उजव्या बाजूला वर चढते, आडवे जाते, डावीकडे उतरते आणि ओटीपोटात वळण घेऊन गुदाशयाला मिळते. त्याचा भाग काढण्याची वेळ अनेक कारणांनी येते. कर्करोग, दुर्बिणीने आतून काढता न येणारी मोठी गाठ, आतड्याला पडलेला पीळ आणि आपल्याकडे वारंवार दिसणारा लहान-मोठ्या आतड्यांच्या सांध्याचा क्षय ही त्यांतली मुख्य. कर्करोग असेल तर केवळ गाठ काढून भागत नाही. त्या भागाची रक्तवाहिनी मुळाशी बांधावी लागते आणि तिच्याभोवतीच्या लसिका ग्रंथीही सोबत काढाव्या लागतात. आजाराची पायरी नीट ठरवण्यासाठी निदान १२ ग्रंथी तपासायला मिळाव्यात, असा सर्वमान्य निकष आहे. मग उरलेली दोन टोके अशी जोडावी लागतात, की त्यांना रक्तपुरवठा भरपूर राहील आणि जोडावर ताण येणार नाही. तो जोड गळला तर जिवावर बेतते.

१९९० मध्येच अमेरिकेत मायामी येथे मोझेस जेकब्स यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने मोठ्या आतड्याचा भाग काढला. मात्र लवकरच एक धोक्याची घंटा वाजली. कर्करोगाच्या काही रुग्णांत दुर्बिणीच्या छिद्रांच्या जागीच गाठी पुन्हा उद्भवल्या. लहान छेदाच्या मोहात कर्करोगाचा उपचार कच्चा राहतो की काय, ही शंका रास्त होती. जबाबदार शल्यचिकित्सकांनी हात आखडता घेतला आणि पुराव्याची वाट पाहिली.

पुरावा आला तो सावकाश. २००२ मध्ये बार्सिलोनातील २१९ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मे २००४ मध्ये अमेरिकेतील ४८ संस्थांत झालेल्या ८७२ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीन वर्षांनंतर कर्करोग परतण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के आणि उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात १८ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. रुग्णालयातील मुक्काम सहा दिवसांवरून पाच दिवसांवर आला होता. वेदनाशामक औषधेही कमी लागली. त्याच चाचणीत दुर्बिणीने सुरू केलेल्या दर पाच शस्त्रक्रियांपैकी सुमारे एक मध्येच उघड्या पद्धतीकडे वळवावी लागली होती, हेही प्रामाणिकपणे नोंदवले गेले. त्यानंतर मोठ्या आतड्याच्या कर्करोगातही दुर्बिणीला रीतसर मान्यता मिळाली. मुंबईत १९४१ पासून कर्करुग्णांच्या सेवेत असलेले टाटा स्मारक रुग्णालय, महापालिकेची मोठी रुग्णालये आणि जे. जे. यांच्या शिक्षणपरंपरेतून आलेल्या पिढीने हे तंत्र आत्मसात केले.

एकच छेद

नेहमीच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आतड्यासाठी चार-पाच छिद्रे लागतात. काढलेला भाग बाहेर आणण्यासाठी त्यांतील एक शेवटी मोठे करावे लागते. एक छेद शेवटी घ्यायचाच आहे, तर सुरुवातीपासून सगळे काम त्यातूनच का करू नये, या साध्या विचारातून एका छेदाची पद्धत पुढे आली. १९९७ मध्ये इटलीतील ज्युझेप्पे नावारा आणि सहकाऱ्यांनी पित्ताशयासाठी असा प्रयत्न केला होता. २००८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकचे फेझा रेम्झी आणि सहकारी यांनी, तसेच स्वित्झर्लंडमधील पास्काल ब्यूखर यांनी मोठ्या आतड्याचा उजवा भाग एका छेदातून काढल्याचे वृत्तांत प्रसिद्ध केले.

यात बेंबीतून किंवा तिच्या कडेने साधारण तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेतात. त्यात अनेक तोंडे असलेला एक पोर्ट बसवून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. दुर्बीण आणि दोन-तीन साधने याच दारातून आत जातात. आतले काम तेच असते. रक्तवाहिनी मुळाशी बांधायची, आतडे मागच्या आवरणापासून सोडवायचे आणि मूत्रवाहिनी व लहान आतड्याचा पहिला भाग जपायचा. सुटे झालेले आतडे जखमेला संरक्षक आवरण लावून त्याच छेदातून बाहेर घेतात, रोगट भाग कापतात, दोन्ही टोके जोडतात आणि आतडे पुन्हा आत ठेवतात. व्रण बेंबीच्या घडीत लपतो.

अडचण हीच, की एका म्यानात दोन नव्हे, चार तलवारी घालाव्या लागतात. साधने शेजारी शेजारी असल्याने एकमेकांवर आपटतात आणि नेहमीचा कोन मिळत नाही. दुर्बीण धरणाऱ्या सहाय्यकाचा हात शल्यचिकित्सकाच्या हातात अडकतो. त्यासाठी वाकवता येणारी साधने आणि लांब दुर्बिणी आल्या. महागडा पोर्ट परवडत नाही तेथे जखमेच्या कड्यावर शस्त्रक्रियेचा हातमोजा ताणून बसवायचा आणि त्याच्या बोटांतून साधने घालायची, ही युक्तीही रूढ झाली. जर्नल ऑफ मिनिमल ॲक्सेस सर्जरीनेही एका छेदाच्या शस्त्रक्रियांच्या चर्चेला जागा दिली. भारतीय शल्यचिकित्सकांसमोर या पद्धतीच्या शक्यता आणि मर्यादा दोन्ही मांडल्या गेल्या.

तौलनिक अभ्यासांतून आतापर्यंत जे हाती आले, ते संयमाने सांगितले पाहिजे. अनुभवी हातांत, योग्य निवडलेल्या रुग्णात एका छेदाची शस्त्रक्रिया नेहमीच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेइतकीच सुरक्षित आढळते. काढलेल्या ग्रंथींची संख्याही साधारण सारखीच असते. व्रण नक्कीच कमी दिसतो आणि काही रुग्णांना वेदनाही थोड्या कमी होतात. पण बेंबीच्या जागी पुढे हर्निया होण्याचा धोका लक्षात ठेवावा लागतो. तंत्र शिकायला वेळ लागतो. फार मोठी गाठ, आधीच्या शस्त्रक्रियांमुळे चिकटलेली आतडी किंवा पूर्ण तुंबलेले आतडे असेल, तर ही पद्धत योग्य ठरत नाही. काम अडले तर आणखी एक छिद्र घेणे किंवा पोट उघडणे हा शल्यचिकित्सकाचा पराभव नसतो, तो त्याचा विवेक असतो. जे. जे.च्या परंपरेने शिकवलेला हा सर्वांत मोलाचा धडा आहे. आधी रोग पूर्ण जावा, मग व्रण लहान व्हावा.

सामान्यांच्या आवाक्यात

तंत्र आले तरी ते परवडले पाहिजे. राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. कर्करोगासह अनेक मोठ्या शस्त्रक्रिया तिच्यात आल्याने शिधापत्रिकेच्या आधारे उपचार घेणाऱ्या कुटुंबांना मोठा आधार मिळाला. या कागदपत्रांच्या वाटेवर रुग्णाचा हात धरणारे समाजसेवा अधीक्षक आणि आरोग्यमित्र यांचे श्रेयही नोंदवलेच पाहिजे.

२०२० मध्ये जे. जे. आणि ग्रँट महाविद्यालयाला १७५ वर्षे पूर्ण झाली, ती महासाथीच्या सावटात. जे. जे. समूहातील सेंट जॉर्ज आणि गोकुळदास तेजपाल ही रुग्णालये कोविडसाठी राखली गेली. पोटातील वायूतून विषाणू पसरेल काय, या शंकेने दुर्बिणीच्या शस्त्रक्रियाही जगभर काही काळ मंदावल्या. खबरदारीचे नियम ठरले आणि काम पुन्हा सुरू झाले.

डॉ. उदवाडिया यांना २००६ मध्ये पद्मश्री आणि २०१७ मध्ये पद्मभूषण हे सन्मान मिळाले. जानेवारी २०२३ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ही वाट मात्र त्यांच्या एकट्याची नव्हती. वायूच्या दाबामुळे बदलणारे श्वास आणि नाडी सांभाळणारे भूलतज्ज्ञ, साधने क्रमाने हाती देणाऱ्या परिचारिका, नाजूक भिंगे जपून धुणारे शस्त्रक्रियागृहाचे कर्मचारी, तासन्‌तास दुर्बीण स्थिर धरणारे निवासी डॉक्टर, ग्रंथी शोधून मोजणारे विकृतिशास्त्रज्ञ, रक्तदाते आणि नव्या तंत्रावर विश्वास ठेवून खाटेवर पडलेले रुग्ण या सर्वांच्या बळावर छेद लहान होत गेला.

आज आणि उद्या

आज जे. जे.त तेराशेहून अधिक खाटा आहेत आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला दुर्बीण हाताळणे शिकावेच लागते. १९७२ मध्ये ज्या साधनाकडे संशयाने पाहिले गेले, ते आज अभ्यासक्रमाचा भाग आहे. मिरा-भाईंदरमध्येही आता भाईंदर पश्चिमेचे भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या ओळखीचे टेंभा रुग्णालय आहे. ते महापालिकेने उभारले आणि पुढे राज्य शासनाकडे सोपवले गेले. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी आणि तुकडा काढून निदान एवढी सोय शहरातच नियमित व खात्रीची झाली, तर गोडदेवच्या रुग्णाचे मुंबईचे अनेक हेलपाटे वाचतील आणि आजार लवकर हाती लागेल. लोकप्रतिनिधी, प्रशासन आणि शहरातील डॉक्टरांच्या संघटनांनी ही मागणी एकमुखाने लावून धरली पाहिजे.

वाचकांनाही एक विनंती आहे. शौचातून रक्त पडणे, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल, कारणाशिवाय घटणारे वजन, न भरून येणारा रक्तक्षय यांना मूळव्याध समजून घरगुती उपायांवर महिने घालवू नका. घरात कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर लक्षणे नसतानाही डॉक्टरांना तपासणीविषयी विचारा. शस्त्रक्रिया सुचवली गेली तर छेद किती, एवढाच प्रश्न विचारून थांबू नका. रोग पूर्ण निघेल ना, अशा किती शस्त्रक्रियांचा अनुभव आहे, गरज पडली तर पोट उघडण्याची तयारी आहे ना, हेही विचारा. लहान छेदाचा लाभ वेळेवर आलेल्या रुग्णालाच सर्वाधिक मिळतो, म्हणून तपासणीला उशीर करू नका.